कलचवरचा पाय

रूपाबाई गाडीत बसली की तिचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. एसटी असू द्या, जीप असू द्या, नातवाची नवी गाडी असू द्या. डायवरचा हात गेरकडं गेला की हिचा पाय खाली पत्र्यावर दाबलाच. बरं, डायवरच्याही आधी दाबायची. इंजन कुठं रडायला लागलं, कुठं गेर मागून राहिलं, हे तिला कानानंच कळायचं. लेकरं हसायची. म्हनायची, "आजी, हितं कलच न्हाई, खाली निस्ता पत्रा हाय." ती बी हसायची. पन पाय काही थांबायचा न्हाई.

आता गेली ती. औंढ्याहून हिंगोलीच्या दवाखान्यात नेतानी जीपमधी आडवी निजवली व्हती. डोळे मिटलेले, कुनाला वळखत नव्हती. चढ आला, डायवरनं गेर टाकलं, आन गोधडीखाली तिचा पाय हालला. जवळ बसलेल्या समद्यांनी पाह्यलं. तिचं जे काही सांगायचं ते त्या पायापासूनच सांगावं लागतं.

रूपाबाई तांड्यावरची. औंढ्याच्या अलीकडं डोंगराला टेकून तांडा. आज्या-पंज्यानं बैलाच्या पाठीवर गोन्या लादून मुलूख पालथा घातला, मंग बैल गेले, बरड शेती हाती आली. नवरा हिरासिंग. उंच, काडीवानी, बोलायला लई कमी. तरना व्हता तवा शंकरपटात बैल पळवायचा, आन त्याच्या पुढं दुसऱ्याची जोडी गेली तर दोन दिवस कुनाशी बोलायचा न्हाई.

लग्नात सासूनं रूपाबाईच्या दोन्ही पायात पितळेचे वाळे घातले. चांगले जाडजूड. घालतानी म्हनली, "माझं लेकरू जित्तं हाय तोवर हे पायातून निघायचे न्हाईत बघ." सासूचा हा दंडक. वढ्यावर धुनं करतानी वाळे पायात, निंदतानी पायात, बाळंतपनात बी पायात. पुढं सासू गेली, पन दंडक राह्यला. पोरीचा पाय बाईचा पाय झाला, वाळे व्हते तेवढेच राह्यले. काढायचं म्हनलं तरी निघाले नसते.

बहात्तरचा दुष्काळ पडला. तवा हिंगोली परभणी जिल्ह्यातच व्हती. नवरा-बायको दोघं बी तळ्याच्या कामावर गेले, खडी फोडायला. तिथं वरून धोंडा घरंगळला आन हिरासिंगच्या डाव्या गुडघ्यावर आला. हट्ट्याकडच्या एका मानसानं हाड बसवून दिलं. पाय वाचला. सपाटीवर चालतानी कुनाला कळायचं बी न्हाई. पन त्या पायानं जोर लावला की गुडघ्यात कळ निघायची आन खालचा पाय मेल्यावानी व्हायचा. नांगर सुटला. ओझं सुटलं. झाडावर चढनं सुटलं.

एक गाडी तेवढी राह्यली. दुष्काळाच्या आधी तो नांदेडला टरकवर किन्नर व्हता, म्हंजे डायवरच्या हाताखाली, तिथं गाडी शिकलेला. हिंगोलीत पुनमचंद शेठचं कपड्याचं दुकान. शेठनं जुनी अँबॅसडर घेतली, टॅक्सी म्हनून रस्त्यावर लावली आन हिरासिंगला डायवर ठेवलं. हिंगोली, औंढा, वसमत, आन परत. तांड्यावर स्टेरिंग धरनारा पैला मानूस हाच. गाडीत बसला की तो धडधाकट मानसावानी व्हायचा. अँबॅसडरचा कलच मऊ व्हता, मोडक्या पायानं बी दबायचा. शेठला गुडघ्याचं काहीच ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर स्टेरिंग गेलं असतं, आन स्टेरिंग गेल्यावर हिरासिंगनं करायचं काय? ह्या एका गोष्टीचं भ्या रूपाबाईच्या काळजात बारा महिने असायचं. गुडघ्याची गोष्ट तिला ठाऊक, त्याला ठाऊक. हिंगोलीत तिसऱ्याला न्हाई.

मंग शेठच्या डोक्यात एसटी बसली.

रस्त्यावर फाट्या-फाट्याला मानसं उभी असायची. जे आधी यायचं त्याच्यात बसायची. एसटी आधी आली की टॅक्सीला धूळ. शेठ म्हनायचा, "हिरासिंग, एसटी के आगे गाडी पायजे. पीछे राहून काय धूळ खायची का?" शेठचा कोनी पाव्हना हैद्राबादला व्हता. त्याच्या वळखीचा एक शौकीन मानूस मोटारी पळवायच्या शर्यतीत उतरायचा. त्या मानसाच्या अँबॅसडरमधली क्याम आन कलच शेठनं मागवून घेतले. पोत्यात गुंडाळून आले.

जळबाच्या गॅरेजवर ते पोतं उघडलं तवा रूपाबाई तिथंच व्हती. बाजाराचा दिवस, नवऱ्याची भाकर घेऊन आलेली. जळबा म्हंजे हिंगोलीतला मिस्तरी, हिरासिंगचा जिवाभावाचा. पत्र्याचं गॅरेज, जयंतीच्या वक्ताला उरलेला निळा रंग दाराला दिलेला. हातभर लांब लोखंडाचे दोन दांडे त्यानं शेजारी-शेजारी ठेवले, एक गाडीतला जुना आन एक हैद्राबादचा. दोन्हीला अंड्यावानी उंचवटे.

रूपाबाईनं इचारलं, "हे काय व्हय जळबाभाऊ? मुसळ व्हय?"

"क्याम हाय वहिनी. इंजनाला नाकपुड्या असत्यात असं समजा. हा दांडा फिरला की हा उंचवटा नाकपुडी उघडतो. जुन्याचा उंचवटा बुटका. थोडी उघडतो, लौकर मिटतो. आन हे हैद्राबादचं बघा. उंच बी हाय, रुंद बी हाय. नाकपुडी मोठी उघडनार, लई वक्त उघडी राहनार. पळतानी इंजन मोठाले दम घेनार."

शेठ म्हनला, "म्हंजे पळंल ना? बस, टाक."

"पळंल शेठ. पन वर गेल्यावर पळंल. हळू चालतानी तीच नाकपुडी उघडी राहती आन दम सांडतो. खालून उठायला जीव न्हाई हिच्यात. हिरासिंगभाऊ, तुमी पट खेळलात. पटाचा खोंड मोटंला जुपल्यावर काय करतो?"

"नाडा तोडतो," हिरासिंग म्हनला.

"आन मंग?"

"मंग मालकाला बी तोडतो."

समदे हसले. शेठ बी हसला. पन जळबा फडक्यानं दांडा पुसत राह्यला. म्हनला, "दुसरं असं की, ह्या क्यामला जुना कलच टिकनार न्हाई. जागेवरून उठवायला रेस द्यावी लागंल, कलच घसरंल, जळून जाईल. म्हून त्यांनी हा टनक स्पिरिंगचा कलच जोडीला दिला. हा घसरत न्हाई. झटक्यात पकडतो. पन दाबायला रेड्याची मांडी पायजे."

रूपाबाईनं नवऱ्याकडं पाह्यलं. तो दांड्याकडं पाहून राहिला व्हता.

जळबा म्हनला, "माझं ऐकाल तर तिसरंच करा. जुनीच क्याम नांदेडच्या लेथवर थोडी घासून आनतो, आजूबाजूचं घासलं की उंचवटा जरासा वाढंल. स्पिरिंगा जुन्याच, मऊ. कलचची पिलेट तेवढी नवी टाकू. एसटीच्या पुढं दर बारीला न्हाई जानार. पन भरल्या गाडीनं चढावर उभी राहून उठंल."

"एसटीच्या मागंच राहायचं तर तुझ्याकडं कशाला आलो?" शेठ म्हनला. "पैले हैद्राबादवाला टाक. चालवून बघू."

टाकलं. पुढच्या बाजाराच्या सकाळी बघायला शेठ, जळबा आन हिरासिंग असे तिघं गेले, वसमत रोडला. चूक झाली ती तिथंच. ह्या रस्त्यावर तिघांची गाडी कोनी पाह्यली व्हती? पुढं तीन-चार, मागं पाच-सहा, मांडीवर लेकरं, डिकीत गाठोडी, कुनाची कोंबडी, कुनाचं हळदीचं पोतं. गाडीचं खरं जगनं ते. पन बघतानी रिकामी पाह्यली, मोकळ्या रस्त्यावर पाह्यली, सकाळच्या गार हवेत पाह्यली.

रूपाबाई गॅरेजच्या दारात पालथ्या डब्यावर बसून व्हती. लांबून आवाज आला, निराळाच, गाडीचा वाटंना. गाडी आली, थांबली. हिरासिंग उतरला. त्याचं तसं तोंड तिनं पटाच्या दिवसानंतर पाह्यलं नव्हतं. डोळे असे चमकत व्हते.

जळबा खाली उतरून त्याच्या जवळ आला. शेठ बी तिथंच. जळबानं सरळ इचारलं, "पायाला जड वाटतो का कलच? खरं सांगा."

"पायाला काय झालं माझ्या?" हिरासिंग म्हनला.

रूपाबाई बोलली असती तर बोलली असती. ती भाकरीच्या फडक्याला घड्या घालत बसली.

गाडी पळाली बी. खोटं काहून सांगायचं? एसटी मागं राह्यली. फाट्यावरची मानसं म्हनायची, ही शेठची गाडी न्हाई, इमान हाय. पन जागेवर उभी असली की इंजन नुसतं थरथर कापायचं. एक म्हातारा बसतानी म्हनला, "डायवरसाहेब, गाडीला हिवताप आलाय, सुई देऊन आना आधी." भरली गाडी चढावर थांबली की मातर हाल. रेस द्यायची, कलच दाबायचा, जरा सोडायचा, परत दाबायचा. न्हाई तर बंद पडायची. जुन्या गाडीला चढावर एकदा कलच दाबला की काम व्हायचं, हिला घडी घडी दाबावा लागायचा, आन प्रत्येक बारीला तो टनक पेडल.

सांजच्याला घरी आला की त्याचा गुडघा सुजून टम्म. रूपाबाई हळद गरम करून लेप लावायची. कुरुंद्याची हळद, वास घरभर. एक दिवस म्हनली, "सांगा की शेठला. जुनं टाक म्हना."

"आन शेठनं इचारलं काहून, तर?"

"पाय दुखतो म्हना."

"म्हनतो. उद्या बाबूसिंग बसलेला दिसंल गाडीवर."

बाबूसिंग म्हंजे शेठची आडत बी व्हती तिथला टरक डायवर, कवाचा टॅक्सीवर डोळा ठेवून. रूपाबाई लेप लावत राह्यली. लेप वाळल्यावर तोच म्हनला, "पन पळती लई, बरं का." आन लेकरावानी हसला. तिला रडू आलं.

शिवरात्र आली. औंढ्याला नागनाथाची जत्रा. रस्त्यावर मुंगीला जागा न्हाई. बैलगाड्या, सायकली, पायी चालनारे, एसट्या. रूपाबाईला दर्शनाला जायचं व्हतं, ती पुढं नवऱ्याच्या बाजूला बसली. अँबॅसडरचं पुढचं शीट सलग, बाकड्यावानी. तिच्या पल्याड दोन मानसं. मागं बाया कोंबलेल्या, त्यात नर्मदाबाई म्हनून एक म्हातारी, हातात देवाच्या दिव्याला तेलाची बाटली, ती सांडू न देण्यात समदा जीव.

औंढ्याच्या अलीकडच्या चढावर गर्दी तुंबली. गाडी थांबली, हालली, थांबली, हालली. हिरासिंग कलच दाबतोय, सोडतोय. रूपाबाईला त्याच्या कानशिलावरून घामाची धार दिसली. मंग त्याचा डावा पाय थरथरायला लागला, गाडीवानी. एका बारीला पेडल अर्ध्यातच राह्यला, पाय घसरला, गाडीनं उडी मारली आन बंद पडली. उजव्या पायानं बिरेक धरला म्हनून मागं आली न्हाई. मागं एसटी भोंगा वाजवून राहिली.

"काय झालं डायवर?" मागून आवाज. "एसटीच्या पुढं पळायलास म्हनं!"

हिरासिंगनं गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, तिला एकटीलाच कळंल असं सांगितलं, "पाय मेला. दबत न्हाई."

रूपाबाईनं इकडं-तिकडं पाह्यलं न्हाई. घागरा गोळा केला, उजवा पाय त्याच्या पायाच्या बाजूनं आत घातला. "सांगा," म्हनली.

"काय सांगू?"

"कवा दाबू, कवा सोडू."

त्यानं चावी फिरवली. "दाब."

पैल्यांदा पेडल हालला बी न्हाई. मंग तिनं पाठ शीटाला रेटली आन मांडीचं समदं बळ लावलं, तवा गेला. "सोड. हळू. हळू गं!" तिनं सोडला तो फट्टकन. गाडी हिसका मारून पुढं, मागच्या बाया एकमेकीवर.

"मेले गं बाई! तेल सांडलं असतं की माझं!" नर्मदाबाई वरडली.

"दाब... सोड. दाब." असं दोन-चार बारीला जमलं. गाडी बोटभर, बोटभर वर जाऊन राहिली. आन मंग तिचा वाळा पेडलच्या दांडीत अडकला. ती दाबती, पेडल जात न्हाई. पाय वढती, पाय निघत न्हाई. पुढं गाडीच्या तोंडाशी मानसं चालून राहिली, लेकरं खांद्यावर. हिरासिंगनं बिरेक दाबला, हातबिरेक वढला. इंजन परत मेलं.

पाय सुटला, पन सालटं गेलं घोट्याचं. रगत आलं. रूपाबाईनं खाली पाह्यलं आन काय करायचं ते तिला कळलं. मागं वळून म्हनली, "आजी, तेल दे."

"काहून?"

"वाळा काढायचा हाय."

"अगं देवाचं तेल हाय ते! आन नवरा बाजूला बसलाय तुझा, वाळा काढती व्हय? काही भ्या हाय का न्हाई?"

हिरासिंग म्हनला, "नको काढू."

"मंग गाडी कोन चालवंल?" रूपाबाई म्हनली.

मागून एसटीचा भोंगा. नर्मदाबाईनं बाटलीचं बूच दातानं काढलं, पुढं वाकली आन स्वताच रूपाबाईच्या घोट्यावर तेल वतलं. "मापी कर रे नागनाथा," म्हनली. "लेकीची गाडी अडकली." रूपाबाईनं दोन्ही हातानं वाळा पिळला, वढला. टाचेवर अडकला, हाडावरून सरकला आन निघाला. हिरासिंगनं तोंड पल्याड फिरवलं. पायाला वाळ्याच्या जागी गोरा वळ, कधी ऊन न लागलेला.

वाळा तिनं मांडीत ठेवला, पाय पेडलवर ठेवला. "चला," म्हनली.

दिवसभर दोघांनी गाडी अशी चालवली. औंढा ते हिंगोली, परत औंढा. दुपारून "दाब-सोड" म्हनायचं कामच राह्यलं न्हाई. गेर टाकायच्या आधी त्याचा डावा खांदा जरासा खाली यायचा, तिला कळायचं. त्याच्याही आधी इंजन सांगायचं.

उन्हं उतरतानी औंढ्याच्या स्टँडवर पुनमचंद शेठ दर्शन करून उभा. "चल रे हिरासिंग, घरी सोड." आन पुढच्या शीटावरच रूपाबाईच्या बाजूला येऊन बसला. गाडी निघाली. शेठ जरा वक्तानं म्हनला, "बाई, तिकडून इकडं सरक. त्याला गेर टाकू दे नीट."

"शेठ, सरकले तर गाडी थांबंल," रूपाबाई म्हनली.

शेठनं खाली पाह्यलं. तिचा उघडा पाय, घोट्याला रगत वाळलेलं, तेलात धूळ बसलेली. पाय दबला, गेर पडलं, पाय सुटला.

"हे काय हाय हिरासिंग?"

हिरासिंग रस्त्याकडंच पाहत म्हनला, "माझा पाय गेलाय शेठ. दुष्काळातच गेलाय. तुमाला सांगितलं न्हाई."

हिंगोली आली. शेठ दुकानासमोर उतरला, हात पुढं केला. "चावी दे."

चावी दिली. दोघं एसटीनं तांड्यावर आले. हिरासिंगला खिडकीची जागा भेटली. तो बाहेर बी पाहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला जायचंच नव्हतं. रूपाबाईनं न्हेलं. दोघं दुकानाच्या पायरीवर बसले. शेठ गिऱ्हाइकाला कापड फाडून देतोय, ह्यांच्याकडं बघत न्हाई. गिऱ्हाईक गेल्यावर म्हनला, "बाबूसिंगला दिली व्हती सकाळी. दोन्ही पाय धडधाकट. औंढ्याच्या चढावर बंद पाडली. मानसं उतरून ढकलत व्हती. अर्धा दाबून ठेवून कलच जाळून आला, वास घेऊन बघ गाडीचा." आन पट्टी गादीवर आपटली.

तवा हिरासिंग बोलला. लई दिवसाचं साठलेलं बोलल्यावानी. "शेठ, ती क्याम भरल्या गाडीची न्हाई. जळबा पैल्या दिवशीच म्हनला व्हता, मीच ऐकलं न्हाई. ती क्याम हाय म्हून तो टनक कलच हाय. क्याम काढा, कलच मऊ घाला, जळबा म्हनतो तसं. मऊ कलच ह्या पायानं दाबतो मी. एकदा बघा. न्हाई दबला तर तुमच्या पायरीवर परत येनार न्हाई."

"एसटी पुढं जाईल."

"जाऊ द्या."

हे दोन शब्द त्याच्या तोंडून आले तवा रूपाबाईनं त्याच्याकडं पाह्यलं. दुसऱ्याची जोडी पुढं गेली तर न बोलनारा मानूस तो.

जळबानं जुनी क्याम तेलाच्या फडक्यात गुंडाळून जपून ठेवली व्हती. नांदेडहून ती घासून आनली, बसवली. जुन्या स्पिरिंगा, नवी पिलेट. शेठ बघायला आला तवा जळबा म्हनला, "शेठ, आता रिकामी न्हाई पळवायची. मानसं भरा." बाजारातली मानसं बोलावून कोंबली, हमाल, भाजीवाले, जागा उरली तिथं मिठाचं पोतं. शेठ स्वता मधी दाबला गेला. रूपाबाई चढायला लागली तर जळबानं हात आडवा केला. "तुमी नको वहिनी. तुमी बसल्या तर पाय तुमचाच जाईल कलचवर." पन चढ बघायचा म्हनून तिनं आधीची एसटी धरली आन औंढ्याच्या चढाखाली उतरून थांबली.

गाडी आली. बाजूनं गेली. हिरासिंगनं तिच्याकडं पाह्यलं न्हाई. ठरल्यावानी मधोमध चढावर गाडी उभी केली. वळनाच्या आड गेल्यामुळं दिसंना, निस्ता आवाज. इंजन शांत, गुरगुरल्यावानी, थरथर न्हाई. रूपाबाई बाभळीला हात लावून उभी. आता दाबंल. आता. तिचा उजवा पाय मातीत रुतला. इंजनाचा आवाज जड झाला, खाली गेला, आजून खाली, तिला वाटलं मेलं. मेलं न्हाई. त्या खालच्या आवाजातच इंजनानं गाडी उचलली, हळूहळू, भरल्या गोनीखाली बैल उठतो तशी. आवाज वर वर जात राह्यला, मंग चढाच्या पल्याड गेला. तवा तिनं पाय उचलला.

येतानी शेठ तिच्यापाशी गाडी थांबवून म्हनला, "बैठो बाई. पन मागं बस." एवढंच. चावी हिरासिंगकडंच राह्यली.

एसटी पुढं जायला लागली. पैले पैले हिरासिंगला ते बघवायचं न्हाई. मंग फाट्यावरची म्हातारी मानसं एसटी सोडून थांबायला लागली, ही गाडी चढावर खाली उतरवत न्हाई म्हनून.

वाळा काही परत चढला न्हाई. घोटा सुजून राह्यला तो तसाच. तांड्यातल्या बाया बोलायच्या, नवरा जित्ता आन एक पाय मोकळा, ही कसली बाई! रूपाबाई म्हनायची, "वाळा कुठं गेला न्हाई, त्याच्या गाडीत हाय." खरंच व्हतं. हिरासिंगनं तो स्टेरिंगच्या खाली तारेनं बांधला व्हता. खड्डा आला की वाजायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात हिरासिंगला कावीळ झाली आन त्यात तो गेला. आदल्या आठवड्यापर्यंत गाडी त्याच्याच हातात. तांड्यातल्या म्हाताऱ्या आल्या, रूपाबाईला मधी बसवलं. हातातलं काढलं, केसातलं काढलं. डाव्या पायातला वाळा निघता निघंना. तिनंच सांगितलं, तेल आना. निघाला. मंग एका म्हातारीनं सवयीनं उजव्या पायाला हात घातला आन तिथं काहीच न्हाई. म्हातारीचा हात तसाच राह्यला. रूपाबाई तवर रडली नव्हती, तिथं रडली.

काही दिवसानं जळबा तांड्यावर आला. फडक्यात वाळा. म्हनला, "वहिनी, शेठनं गाडी बाबूसिंगला दिली. म्हून हे काढून आनलं."

तिनं हातात घेतला. पितळ घासून उजळ झालं व्हतं. "गाडी चालू हाय ना?"

"चालू हाय. क्याम तीच, कलच बी तोच. बाबूसिंग म्हनतो, असं भरून उठनारी गाडी दुसरी न्हाई."

"मंग हे काहून काढलं?" रूपाबाई म्हनली. "बांधा परत तिथंच."

जळबानं तिच्याकडं पाह्यलं, फडकं झटकलं, वाळा घेतला आन गेला.

लई दिवस ती गाडी त्या रस्त्यावर चालली. तांड्याच्या बाजूच्या चढाला लागली की रूपाबाई शेतात असली तरी खुरपं थांबवायची. आवाज जड व्हायचा, खाली जायचा. तिचा उजवा पाय मातीत दाबला जायचा. गेर पडायचं, पाय सुटायचा, आन गाडी पुढं जायची.